‘एसमाइम.पी७एम’ उघडायचं कसं, आणि उघडावं का?

प्रश्न थोडक्यात असा. रबाळे एमआयडीसीतल्या एका लहान केमिकल कारखान्यात एक्स्पोर्टचं काम बघणाऱ्या ताई विचारतात: जर्मनीतल्या जुन्या खरेदीदाराकडून मेल येतो, आत मजकूर काहीच नाही, फक्त ‘एसमाइम.पी७एम’ नावाची एक फाइल. जीमेलमध्ये ती उघडत नाही. शेजारच्या गाळ्यातल्या कंप्युटरवाल्याने एक वेबसाइट सुचवली, तिथे फाइल टाकली की वाचता येईल म्हणे. त्याच आठवड्यात दुसऱ्या एका पार्टीकडून ‘तुम्हाला सुरक्षित संदेश आला आहे, वाचण्यासाठी इथे दाबा’ असं निळं बटण असलेला मेल आला. दोन्ही उघडायचे का, कसे, आणि शेठना काय सांगायचं?

सगळ्यात आधी, त्या वेबसाइटवर फाइल टाकू नका. मेल खरोखर एन्क्रिप्ट, म्हणजे कुलूपबंद, केलेला असेल तर तुमच्या खासगी किल्लीशिवाय, म्हणजे फक्त तुमच्याकडे असणाऱ्या गुप्त फाइलशिवाय, जगातली कुठलीच साइट तो उघडू शकत नाही. म्हणजे साइट एक तर ‘उघडता येत नाही’ म्हणेल, नाही तर तुमची ‘पीएफएक्स’ फाइल (ही किल्ली साठवलेली असते ती) आणि तिचा पासवर्ड मागेल. तो दिलात की तुमच्या नावाने आलेला प्रत्येक जुना-नवा मेल वाचायची सोय तुम्ही अनोळखी माणसाला करून दिलीत. आणि फाइल एन्क्रिप्ट केलेली नसून नुसती सही केलेली असेल, तर साइट ती उघडून दाखवेलही. मग खरेदीदाराचे दर आणि स्पेसिफिकेशन त्या साइटच्या मालकाकडे गेले. दोन्हीकडून तोटाच.

वर ‘नुसती सही केलेली’ म्हटलं, ते समजून घ्या, कारण इथे बरेच जण फसतात. एसमाइम ही मेलवर सही करण्याची आणि कुलूप लावण्याची पद्धत. तिच्यात ‘पी७एम’ या एकाच नावाखाली दोन वेगळ्या वस्तू येतात. एक, मजकूर खरोखर कुलूपबंद केलेला. दुसरी, मजकूर उघडाच, पण सहीसकट एका पुडक्यात बांधलेला. जीमेलच्या साध्या खात्याला ही पद्धतच समजत नाही, म्हणून दोन्ही वेळा तुम्हाला फक्त जोडलेली फाइल दिसते. फरक ओळखायला मेलच्या उजव्या कोपऱ्यातल्या तीन टिंबांवर दाबून ‘शो ओरिजिनल’ उघडा. भलामोठा मजकूर येईल, घाबरू नका. त्यात ‘पीकेसीएस७-माइम’ अशी ओळ शोधा. तिच्यापुढे ‘साइन्ड-डेटा’ लिहिलेलं असेल तर किल्लीची गरजच नाही, योग्य प्रोग्रॅममध्ये मेल सरळ वाचता येईल. ‘एन्व्हलप्ड-डेटा’ असेल तर तो कुलूपबंद आहे. नवे प्रोग्रॅम ‘ऑथ-एन्व्हलप्ड-डेटा’ असंही लिहितात, तेही कुलूपच. या दोन मिनिटांच्या तपासणीने कधी कधी सगळा प्रश्नच संपतो. परदेशातल्या कंपनीने सर्व्हर बदलला, आता बाहेर जाणाऱ्या प्रत्येक मेलवर आपोआप सही होते आणि समोरच्यांना पी७एम दिसू लागतं, त्यांच्या सेल्सवाल्याला याचा पत्ताच नसतो.

आता समजा, कुलूपबंद निघाला. मग पहिला सवाल हा, की त्याने तुमच्यासाठी कुलूप लावलं कसं? एसमाइममध्ये तुमचं सर्टिफिकेट (तुमचा मेल पत्ता आणि सगळ्यांना देता येणारी सार्वजनिक किल्ली असलेली फाइल) हातात असल्याशिवाय तुमच्यासाठी मेल एन्क्रिप्ट करताच येत नाही. ते सर्टिफिकेट त्याच्याकडे बहुधा तुमच्याच कंपनीतून गेलेलं असतं. सही केलेला मेल पाठवला की सर्टिफिकेट सोबत जातं आणि समोरचा प्रोग्रॅम ते साठवून ठेवतो. म्हणजे तुमच्या आधी या खुर्चीवर बसणाऱ्या कोणीतरी ते घेतलं होतं आणि त्यातून खरेदीदाराला मेल केला होता, ही शक्यता मोठी. जुन्या कंप्युटरवर, शेठच्या कपाटातल्या पेनड्राइव्हवर, जुन्या बिलांच्या फाइलमध्ये ‘पीएफएक्स’ किंवा ‘पी१२’ शेवट असलेली फाइल शोधा. तिचा पासवर्डही लागेल. सर्टिफिकेटची मुदत संपली असली तरी ती फाइल टाकून देऊ नका. मुदत संपल्यावर नवी सही चालत नाही, पण जुने मेल उघडण्याचं काम ती किल्ली करतच राहते.

तो कंप्युटर फॉरमॅट झाला असेल आणि प्रत कुठेच नसेल, तर तो मेल गेला. गूगलकडे तक्रार करून काही होणार नाही. सुदैवाने पाठवणाऱ्याकडे त्याची प्रत असते, कारण बहुतेक प्रोग्रॅम कुलूप लावताना पाठवणाऱ्याच्या किल्लीलाही ते उघडेल अशी व्यवस्था करतात. त्यामुळे खरेदीदाराला कळवा: जुनं सर्टिफिकेट आमच्याकडे चालत नाही, ते तुमच्या यादीतून काढा, नवं पाठवतो, मग हाच मेल परत पाठवा. तुमच्याकडे मेल आला म्हणून ऑफिसातल्या दुसऱ्या कोणाला फॉरवर्ड करून ‘तुझ्याकडे उघडतो का बघ’ म्हणणं व्यर्थ आहे. किल्ली तुमच्या नावची, कुलूप तुमच्या नावचं.

इथे हमखास विचारलं जातं, ‘आमच्याकडे डीएससी आहे की, त्याने उघडेल ना?’ बहुतेक वेळा नाही. जीएसटी, कंपनी रिटर्न, डीजीएफटी (आयात-निर्यातीचं सरकारी खातं) यांसाठी घेतलेलं डिजिटल सिग्नेचर सर्टिफिकेट साधारणपणे फक्त सहीचं असतं. टेंडर भरणाऱ्यांकडे सही आणि एन्क्रिप्शन असं दुहेरी सर्टिफिकेट असतं, बाजारात त्याला ‘कॉम्बो’ म्हणतात. ते असलं तरी अडचण वेगळी. भारतातली ही सर्टिफिकेटं आयटी कायदा, २००० खाली, सरकारच्या कंट्रोलर ऑफ सर्टिफाइंग अथॉरिटीज या यंत्रणेच्या साखळीत येतात. ती साखळी थंडरबर्ड या मेल वाचण्याच्या प्रोग्रॅमच्या विश्वासू यादीत नाही. म्हणून जर्मनीत तो वापरणाऱ्याला तुमची सही ‘अनोळखी’ म्हणून दिसेल. सही खोटी नसते, पण समोरच्याला लाल खूण दिसते आणि तो बिचकतो. परदेशी पार्टीशी हे नियमित करायचं असेल, तर ईमेलसाठीचं एसमाइम सर्टिफिकेट वेगळं घ्या, तिकडच्या प्रोग्रॅमना ओळखीचं असणाऱ्या कंपनीकडून.

डीएससीचा विषय निघालाच आहे तर आणखी एक सांगतो, कारण ठाणे-नवी मुंबईत हे सर्रास दिसतं. शेठचं टोकन, म्हणजे डीएससी साठवलेला यूएसबी, नौपाड्यातल्या सीएच्या ड्रॉवरमध्ये, वर चिठ्ठी चिकटवून पिन लिहिलेला. सीए भला माणूस असेल, असतोच. पण आयटी कायद्याच्या ४२व्या कलमात स्पष्ट आहे की आपल्या खासगी किल्लीवर ताबा ठेवण्याची काळजी सर्टिफिकेटधारकाने घ्यायची. आणि ते टोकन कॉम्बो असेल, तर सहीबरोबर तुमच्या कुलूपबंद कागदांची किल्लीही त्या ड्रॉवरमध्ये आहे. दुसरा घोटाळा नूतनीकरणाच्या वेळी होतो. नवं सर्टिफिकेट घालताना एजंट टोकन ‘इनिशियलाइज’ करतो. त्यात जुनी एन्क्रिप्शनची किल्ली पुसली जाते आणि तिची दुसरी प्रत नसेल तर तिच्यावर आलेले सगळे जुने मेल आणि कागद कायमचे बंद होतात. एजंटला आधीच बजावा, जुनं काही पुसायचं नाही. जागा नसेल तर नवं टोकन घ्या. टोकनचा खर्च त्या कागदांपेक्षा नक्कीच कमी.

किल्ली सापडली, आता उघडायचं कशात? माझी शिफारस थंडरबर्ड. फुकट आहे, विंडोजवर नीट चालतं आणि एसमाइम व ओपनपीजीपी (कुलपाची दुसरी पद्धत, तिच्याबद्दल पुढे) या दोन्ही पद्धती त्यात जमतात. ते त्याच्या मूळ साइटवरूनच उतरवा, सर्च केल्यावर वर दिसणाऱ्या जाहिरातीवरून नव्हे. जीमेलचं खातं त्यात जोडताना गूगलचं लॉगिन पान उघडतं, पासवर्ड तिथेच द्यायचा. मग सेटिंग्जमध्ये ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’ खाली ‘मॅनेज सर्टिफिकेट्स’, तिथे ‘यूअर सर्टिफिकेट्स’मध्ये पीएफएक्स फाइल आयात करा. त्यानंतर अकाउंट सेटिंग्जमधल्या ‘एंड-टू-एंड एन्क्रिप्शन’मध्ये जाऊन हे सर्टिफिकेट या खात्यासाठी निवडा. विंडोजमध्ये डबल क्लिक करून आधीच सर्टिफिकेट टाकलं असेल तरी हे पुन्हा करावं लागेल, कारण थंडरबर्ड स्वतःचा साठा वेगळा ठेवतो. आणि ‘प्रायमरी पासवर्ड’ लावायला विसरू नका. तो नसेल तर तुमच्या खुर्चीवर बसेल त्याच्यासाठी सगळं आपोआप उघडेल. जेवणाच्या सुट्टीत ऑफिस रिकामं असतं, हे तुम्हाला सांगायला नको.

मेल उघडला. आता मुख्य गोष्ट, आणि माझ्या मते या सगळ्या उत्तरातली हीच महत्त्वाची आहे. एन्क्रिप्टेड मेल आला म्हणजे तो विश्वासू माणसाकडून आला, हा समज चुकीचा आहे. सोसायटीच्या जिन्याखालच्या टपालपेटीसारखं आहे हे: किल्ली तुमच्याकडे एकटीकडे, पण फटीतून पत्र टाकायला कोणालाही मुभा. तुमचं सर्टिफिकेट किंवा सार्वजनिक किल्ली ज्याच्या हाती लागेल, तो तुम्हाला कुलूपबंद मेल पाठवू शकतो, चोरसुद्धा. कुलूप एवढंच सांगतं की वाटेत कोणी वाचलं नाही. लिहिलं कोणी, ते सही सांगते. म्हणून थंडरबर्डमध्ये मेलच्या वर उजवीकडे एसमाइमच्या चिन्हावर दाबा. तिथे दोन वेगळी उत्तरं दिसतात, एक एन्क्रिप्शनबद्दल आणि एक सहीबद्दल. दोन्ही वाचा. सही नसेल, किंवा सहीतला पत्ता आणि पाठवणाऱ्याचा पत्ता जुळत नसेल, तर त्या मेलला साध्या अनोळखी मेलइतकीच किंमत द्या.

उलट मी म्हणेन, अशा मेलबाबत नेहमीपेक्षा जास्त सावध राहा. साध्या मेलमधली जोडलेली फाइल गूगलचा किंवा कंपनीचा सर्व्हर तपासतो आणि व्हायरस दिसला तर अडवतो. कुलूपबंद मेलमध्ये त्याला आत काही दिसतच नाही. कुलूप सगळ्यांनाच आंधळं करतं, रखवालदारालासुद्धा. त्यामुळे आतली फाइल थेट उघडू नका. आधी सेव्ह करा, अँटिव्हायरसने तपासा, मग उघडा. एक्सेल किंवा वर्डने वर पिवळी पट्टी दाखवून ‘एनेबल कंटेंट’ विचारलं तर नाही म्हणा. त्याने मॅक्रो, म्हणजे फाइलमधला छोटा प्रोग्रॅम, चालू होतो. दरपत्रक वाचायला मॅक्रो लागत नाही.

याच कारणाने पासवर्ड लावलेली झिप फाइल, आणि पासवर्ड त्याच मेलमध्ये लिहिलेला, असं काही आलं तर थांबा. त्या पासवर्डने गोपनीयता काहीच राखली जात नाही, कारण तो शेजारीच लिहिलाय. उपयोग एवढाच, की तपासणाऱ्या यंत्राला आत बघता येत नाही. काही भाबडे लोक सवयीने असं पाठवतात, हे खरं. पण मालवेअर पसरवणाऱ्यांचीही ही आवडती रीत आहे. फोन करून विचारा, मग उघडा.

एक सेटिंग आजच बदला. २०१८च्या मे महिन्यात युरोपातल्या संशोधकांनी ‘ईफेल’ नावाने एक कमजोरी उघड केली होती. हल्लेखोराच्या हाती तुमचा जुना कुलूपबंद मेल लागला असेल, तर तो त्याच्याभोवती चित्राचा एचटीएमएल कोड गुंडाळून तुम्हालाच परत पाठवायचा. तुमचा प्रोग्रॅम इमानदारीने कुलूप उघडायचा, चित्र आणायला इंटरनेटवर जायचा आणि त्या मागणीबरोबर उघडलेला मजकूर हल्लेखोराच्या सर्व्हरवर पोचवायचा. म्हणजे एन्क्रिप्शनचं गणित मोडलंच नाही, मेल दाखवण्याच्या रीतीने घात केला. प्रोग्रॅमवाल्यांनी नंतर दुरुस्त्या केल्या, पण धडा कायम आहे: थंडरबर्डमध्ये ‘व्ह्यू’ मेनूतून ‘मेसेज बॉडी अॅज’ खाली ‘प्लेन टेक्स्ट’ निवडा. बाहेरची चित्रं आणायला थंडरबर्ड मुळातच नकार देतो. ‘या पाठवणाऱ्याची चित्रं नेहमी दाखवा’ असं म्हणून तो नकार उठवू नका. कंपनीचा लोगो दिसला नाही म्हणून ऑर्डर अडत नाही.

आता ते निळं बटण. ही वेगळी जात आहे. मायक्रोसॉफ्टची मेल सेवा वापरणाऱ्या मोठ्या कंपन्या बाहेरच्या माणसाला कुलूपबंद संदेश पाठवतात तेव्हा त्याला किल्ली-सर्टिफिकेट काही लागत नाही. त्याला बटण मिळतं, कधी सोबत ‘आरपीएमएसजी’ नावाची फाइल. बटण दाबलं की मायक्रोसॉफ्टच्या पानावर जायचं आणि तिथे दोन वाटा असतात: गूगलने लॉगिन करा, नाही तर एकदाच चालणारा पासकोड मागवा. नेहमी दुसरी वाट घ्या. पासकोड तुमच्याच इनबॉक्समध्ये वेगळ्या मेलने येतो, १५ मिनिटं चालतो आणि त्यात तुमचा कुठलाही पासवर्ड कोणालाही द्यावा लागत नाही. त्या पानाने तुमच्या जीमेलचा पासवर्ड तिथल्या तिथे मागितला, की समजा ते खोटं आहे. टॅब बंद करा.

पत्ता वाचायची रीत अशी. वरच्या पट्टीतला पत्ता घ्या, ‘एचटीटीपीएस’ आणि त्यापुढच्या दोन तिरप्या रेघा सोडा. त्यानंतर जी पहिली तिरपी रेघ येते तिच्या लगेच डावीकडचे, शेवटच्या टिंबाच्या आजूबाजूचे दोन शब्द म्हणजे खरा मालक. ‘आउटलुक.ऑफिस३६५.कॉम’मध्ये मालक ‘ऑफिस३६५.कॉम’. आणि ‘ऑफिस३६५.कॉम’ हे शब्द सुरुवातीला असून पुढे आणखी टिंबं आणि भलतंच नाव येत असेल, तर मालक ते भलतं नाव. आपल्याकडचे ‘को.इन’वाले पत्ते अपवाद, तिथे तीन शब्द धरायचे. फोनवर पत्ता अर्धाच दिसतो, म्हणून असं बटण फोनवर दाबूच नका, कंप्युटरवर बघा. आणि पान खरं असलं तरी आत लिहिलेल्या संदेशात दुसरी लिंक असू शकते. खऱ्या सेवेच्या आडून खोटा माल पाठवण्याचे प्रकार होतात. आतली लिंक पुन्हा तेवढ्याच संशयाने बघा.

काही कंपन्या अजून ‘सिक्युअरडॉक’ नावाची एचटीएमएल फाइल जोडून पाठवतात, ती ब्राउझरमध्ये उघडून पासवर्ड टाकायचा असतो. सिस्कोची ही पद्धत खरी आहे, पण मला ती कधीच आवडली नाही. मेलला जोडलेली एचटीएमएल फाइल उघडू नका असं आपण लोकांना शिकवायचं, आणि मग बँकेने नेमकं तेच करायला सांगायचं! अशी फाइल आली तर पाठवणाऱ्याला फोन करा. शक्य असेल तर कागद दुसऱ्या रीतीने मागा.

ओपनपीजीपीबद्दल थोडक्यात, कारण तुमच्या पार्टीकडून ते येईल असं वाटत नाही. त्याची ओळख सोपी: मजकुरात ‘बिगिन पीजीपी मेसेज’ने सुरू होणारी अगम्य अक्षरं, नाही तर ‘एन्क्रिप्टेड.एएससी’ नावाची फाइल. फिल झिमरमन यांनी १९९१ साली पीजीपी आणलं, तेव्हापासून पत्रकार, संशोधक, सॉफ्टवेअरवाले हीच पद्धत वापरतात. थंडरबर्डमध्ये २०२०च्या ७८व्या आवृत्तीपासून ती अंगभूत आहे, त्यामुळे ‘एनिगमेल’ नावाची वेगळी जोडणी बसवा असं सांगणारी जुनी माहिती सोडून द्या. इथे सर्टिफिकेट देणारी कंपनी नसते, त्यामुळे समोरच्याची किल्ली त्याचीच आहे याची खात्री आपली आपण करायची. जुन्या कीसर्व्हरवर, म्हणजे सार्वजनिक किल्ल्यांच्या जाहीर यादीत, कोणीही कोणाच्याही नावाने किल्ली चढवू शकत होतं, हे लक्षात ठेवा. खात्रीची रीत म्हणजे फिंगरप्रिंट. सध्या सर्रास चालणाऱ्या किल्ल्यांना चाळीस अक्षर-अंकांचा ठसा असतो, चार-चारचे दहा गट. फोनवर एकाने वाचायचा, दुसऱ्याने ताडून बघायचा. फोन नंबर त्याच मेलमधून घेतलेला नको, जुन्या इन्व्हॉइसवरचा हवा. जर्मनी उन्हाळ्यात साडेतीन तास मागे, हिवाळ्यात साडेचार. दुपारी दीडला फोन लावलात तर ते नुकतेच ऑफिसात स्थिरस्थावर झालेले असतात.

वाचून झाल्यावर काय, याकडे कोणी बघत नाही, आणि माहिती जास्त करून तिथेच फुटते. कुलूपबंद मेलला उत्तर देताना तुमच्या बाजूने कुलूप लागलेलं आहे का ते पाठवण्याआधी बघा. नसेल तर तुमच्या दोन ओळींखाली त्याचा सगळा मूळ मजकूर उघडा होऊन जातो. त्याने जपून पाठवलेलं तुम्ही चव्हाट्यावर मांडलंत. कुलूप लावता येत नसेल तर खालचा जुना मजकूर पुसा, मगच उत्तर द्या. विषयाची ओळ सहसा कुलूपात येतच नाही, त्यामुळे तिथे दर, बॅच नंबर, ग्राहकाचं नाव लिहू नका. थंडरबर्ड ओपनपीजीपीमध्ये विषयही झाकू शकतो, तेव्हा न उघडलेल्या मेलचा विषय नुसता तीन टिंबं दिसतो. कोणी तो स्पॅम समजून उडवतो, तेवढं सांगून ठेवा.

उघडलेली फाइल डेस्कटॉपवर ठेवलीत आणि वनड्राइव्हचा बॅकअप चालू असेल, तर ती क्लाउडवर गेली. शेठना व्हॉट्सअॅप केलीत तर त्यांच्या फोनवर आणि घरच्या टॅबवरही. स्टेशनबाहेरच्या झेरॉक्सवाल्याकडे प्रिंट काढायला मेल केलीत तर त्याच्या इनबॉक्समध्ये. हे सगळं टाळता येतं: एकच फोल्डर, डिस्कला बिटलॉकर (विंडोजचं डिस्कला लागणारं कुलूप), आणि प्रिंट ऑफिसातच. बिटलॉकरची रिकव्हरी की कागदावर छापून तिजोरीत, त्याच पेनड्राइव्हसोबत ज्यावर पीएफएक्सची प्रत आहे. पासवर्ड मात्र वेगळ्या जागी. आणि कंप्युटरवाल्याला एनीडेस्कवरून, म्हणजे दुरून कंप्युटर चालवायच्या प्रोग्रॅममधून, मशीन हातात देताना थंडरबर्ड बंद करा, समोर बसून राहा.

फोनवर हे मेल उघडत नाहीत म्हणून तक्रार येते. किल्ली फोनवर नाही, म्हणून उघडत नाहीत, आणि ते बरंच आहे. ठाण्याहून ट्रान्स-हार्बरने येणाऱ्या-जाणाऱ्याचा फोन गर्दीत कधी जाईल सांगता येत नाही. रोज रात्री घरून उत्तर द्यावंच लागत असेल तरच किल्ली फोनवर घाला.

घरगुती कुलूपबंद पीडीएफचा उल्लेख केला नाही तर उत्तर अपुरं राहील. आधारच्या पीडीएफचा पासवर्ड म्हणजे नावाची पहिली चार कॅपिटल अक्षरं आणि जन्मवर्ष. आयकराच्या कलम १४३ (१)च्या सूचनेचा, लहान अक्षरांत पॅन आणि त्यापुढे जन्मतारीख. कित्येक बँका नावाची चार अक्षरं आणि जन्माचा दिवस-महिना घेतात. नाव फाइलवरच असतं. उरतात दिवस-महिन्याच्या ३६६ शक्यता, त्या कंप्युटर चहा उकळण्याआधी संपवतो. म्हणून ‘पासवर्ड आहे ना’ म्हणून स्टेटमेंट कोणाकोणाला फॉरवर्ड करू नका. कर्जासाठी कोणाला द्यायचंच असेल तर नवा, लांब पासवर्ड लावून द्या आणि तो फोनवर सांगा. पीडीएफचा पासवर्ड काढून देणाऱ्या साइट त्या पी७एमवाल्या साइटच्याच बहिणी.

शेठना सांगायची गोष्ट एकच, आणि ती लेखी सांगा: बँक खातं बदलल्याचा मेल कुलूपबंद असो, सही केलेला असो, फोन करून खात्री केल्याशिवाय पैसे हलवायचे नाहीत. समोरच्याचा लॅपटॉपच चोराच्या ताब्यात असेल तर सहीसुद्धा खरीच उमटते.

आणि ते निळं बटण कोणी आधीच दाबून पासवर्ड दिला असेल, तर आत्ता उठा. दुसऱ्या कंप्युटरवरून पासवर्ड बदला, ‘यूअर डिव्हायसेस’मधून सगळी अनोळखी यंत्रं बाहेर काढा, टू-स्टेप लावा. मग जीमेलच्या सेटिंग्जमध्ये ‘फॉरवर्डिंग’ आणि ‘फिल्टर्स’ बघा. चोर बहुधा तिथे स्वतःसाठी एक नियम करून ठेवतो, म्हणजे पासवर्ड बदलला तरी मेलची प्रत त्याला जातच राहते. पैसे गेले असतील तर आधी बँक आणि १९३० ही सायबर फसवणुकीची हेल्पलाइन, त्यात तासाचाही उशीर नको. रबाळे ठाणे जिल्ह्यात असलं तरी पोलीस आयुक्तालय नवी मुंबईचं आहे, तक्रारीला ठाण्याला जाऊ नका. जाताना मेलचे नुसते स्क्रीनशॉट पुरत नाहीत, त्यात हेडर, म्हणजे मेल कुठून कसा आला ती नोंद, येत नाही. ‘शो ओरिजिनल’च्या पानावर ‘डाउनलोड ओरिजिनल’ आहे, त्याने मिळणारी ‘ईएमएल’ फाइल पेनड्राइव्हवर घ्या, आणि इनबॉक्समधला मूळ मेल तपास संपेपर्यंत डिलीट करू नका.